अर्ध्या चमच्याचं अपहरण

"लिहा बाई," साहेब म्हणाले, "ज्याच्या नजरेतून टाचणी निसटत नाही, ज्याची चाहूल लागताच बिघडलेली यंत्रं घाबरून सुरळीत चालू लागतात, आणि ज्याने आजवर एकशे बारा प्रकरणं हाताळली, असा हा..."

"हाताळली की सोडवली?" मी विचारलं.

"हाताळली लिहा. सोडवली म्हटलं की गर्व दिसतो."

मी लिहिलं. पुढे तीक्ष्ण, अभेद्य आणि निगर्वी हे तीन शब्दही लिहिले. शेवटच्या शब्दाखाली त्यांच्या सांगण्यावरून दोन रेघा मारल्या.

साहेबांचा प्रत्येक अहवाल असाच सुरू होतो. आधी दीड पान स्वतः साहेब, मग उरलेल्या जागेत प्रकरण. गेल्या महिन्यात स्टेपलर हरवला तेव्हा दीड पान साहेब आणि चार ओळी स्टेपलर असा अहवाल तयार झाला. तो टाचायची वेळ आली तेव्हा स्टेपलर साहेबांच्याच कोपराखाली सापडला. अहवालात त्याची नोंद 'दबाव असह्य झाल्याने मुद्देमाल परत मिळाला' अशी आहे. दबाव होता हे खरंच आहे. त्यांचं कोपर चांगलंच जड आहे.

तर आमचं मुलांचं रुग्णालय, आणि साहेब त्यातले संगणक आणि प्रिंटर सांभाळणारे अधिकारी. निदान पगारपत्रकात तरी तसं लिहिलंय. ते स्वतःला तांत्रिक गुप्तहेर म्हणवतात. बाकी सगळी इमारत त्यांना सुगावासाहेब म्हणते, कारण चहात माशी पडली तरी ते आधी 'सुगावा लागला' म्हणतात आणि मग माशी काढतात. हे नाव लोकांनी प्रेमाने ठेवलंय, असा त्यांचा समज आहे. गुप्तहेराचे समज दूर करायला वेगळा गुप्तहेर लागतो, म्हणून कोणी त्या फंदात पडत नाही.

मी छपाई विभागात पत्रकं जुळवते. माझं टेबल साहेबांच्या टेबलाला लागून आहे, एवढ्या एका गुन्ह्यासाठी मी त्यांची सहाय्यक झाले. मला कोणी विचारलं नाही. टेबलालाही विचारलं नसावं.

त्या सोमवारी दुपारी सव्वादोनला प्रकरण उभं राहिलं.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही आई-बापांसाठी औषधाची पत्रकं छापतो. चारशे प्रती. पाच वाजता गाडी येते आणि त्या गावोगावच्या दवाखान्यांत घेऊन जाते. कितीतरी आयांना वाचता येत नाही, म्हणून पत्रकावर अक्षरांसोबत खुणा असतात. भरलेला चमचा, अर्धा चमचा, सूर्य, चंद्र, रिकामं पोट, भरलं पोट. या खुणा म्हणजे वेगळी चित्रं नव्हेत, त्यांचा एक फॉन्टच आहे. 'क' दाबला की 'क' उमटतो, तसंच एक कळ दाबली की अर्धा चमचा उमटतो.

आता आमचा लेझर प्रिंटर जन्मतः थोडेच फॉन्ट शिकून आलाय. पत्रं, यादी, रजेचे अर्ज, एवढं त्याला आपलं आपण येतं. चमचे त्याला शिकवावे लागतात. ते कोणीतरी माझ्याआधी शिकवून ठेवले होते, आणि तो दुसऱ्या मजल्यावरच्या बोळात उभा राहून अकरा खोल्यांचं ऐकत मुकाट्याने छापत होता. त्या दिवशी मी नमुन्याची प्रत काढली, तर चमच्यांच्या जागी रिकामे चौकोन. सूर्याच्या जागी चौकोन. चंद्राच्या जागी चौकोन. पत्रक सांगत होतं की, बाळाला एक चौकोन औषध चौकोन असताना चौकोनावर द्यावं.

माझे दोन डोळे दोन दिशांना गेले. एक पत्रकाकडे, आणि दुसरा घड्याळाकडे.

माझी लेक ठकी, वय दीड वर्ष, पाळणाघरात असते. साडेपाचला न्यायची. पाळणाघराच्या काकूंच्या वहीत माझ्या नावापुढे उशिराच्या दोन लाल रेघा झाल्या आहेत. तिसरी झाली की जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. यादीत चौदा मुलं आहेत, हा आकडा काकूंनी मला स्वतःहून, अगदी मायेने सांगितलाय. ठकीच्या बाबांची पाळी आठला सुटते. सासूबाई त्यांच्या सासूबाईंना सांभाळायला गेल्या आहेत. म्हणजे पाळणाघर गेलं की माझी नोकरीही गेली, आणि रुग्णालयातून पाळणाघरापर्यंत चालत अर्धा तास लागतो. मी पाचला निघायलाच हवं होतं. पण अर्ध्या चमच्याच्या जागी चौकोन असलेलं पत्रक गाडीत चढवून निघायचं, तर एखादी आई तो चौकोन म्हणजे भरलेला चमचा समजेल. ती आई मीच असते तर, हा विचार मला सोडेना.

म्हणून मी साहेबांना सांगितलं नाही. सरळ माझ्या संगणकावरून फॉन्ट व्यवस्थापनाचा कार्यक्रम उघडला, चमच्यांचा फॉन्ट शोधला आणि तारेतून प्रिंटरकडे पाठवून दिला. वीस मिनिटं गेली. नमुना काढला. अर्धा चमचा उमटला. इतका गोड चमचा मी जन्मात पाहिला नव्हता.

तेवढ्यात मागून आवाज आला, "हे चौकोन कसले?"

साहेबांच्या हातात कचऱ्याच्या डब्यातला आधीचा नमुना होता. रोज जेवण झालं की ते डबा तपासतात.

"काही नाही साहेब. प्रिंटर फॉन्ट विसरला होता. मी परत चढवला. आता छापते."

"विसरला?" साहेबांनी डोळे बारीक केले. "आधी एक जबानी, मग दुसरी. साक्षीदार फिरलाय बाई. याला अटक करावी लागेल."

आणि त्यांनी बटण दाबून प्रिंटर बंद केला.

प्रिंटर बंद झाला की तारेतून आलेला फॉन्ट त्याच्या डोक्यातून पुसला जातो. हे मला माहीत होतं. सगळ्या विभागाला माहीत होतं. ते माहीत असण्याबद्दल ज्यांना पगार मिळतो, त्यांना मी समजावून सांगितलं.

"निरपराध असता तर लक्षात ठेवलं असतं," साहेब म्हणाले.

प्रिंटर परत जागा व्हायला सात मिनिटं लागली. साहेब तोवर चौकोन मोजत होते. पहिल्या ओळीत तीन, दुसरीत पाच, तिसरीत एक. ही संख्या नसून संदेश आहे, हे त्यांच्या चटकन ध्यानात आलं. संदेश नसून फोन नंबर आहे, हे आणखी थोड्या वेळाने ध्यानात आलं. त्यांनी तो फिरवला.

"कोण बोलतंय?" साहेबांनी दरडावून विचारलं.

पलीकडून एक बाई म्हणाल्या, की हे पडदे शिवून देण्याचं दुकान आहे, आणि खिडकीचं माप आणलंय का.

साहेबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "पडद्यामागे कोणीतरी आहे."

मी घड्याळाकडे बघितलं. दोन सत्तावन्न.

दुसऱ्यांदा फॉन्ट चढवला. या वेळी नमुन्यात वेळ घालवला नाही, चारशे प्रतींचा हुकूम सोडला आणि प्रिंटरशेजारी उभी राहिले. एक, दोन, पाच, दहा. सूर्य उगवत होते, चमचे भरत होते. अठरावी प्रत बाहेर आली, तेव्हा साहेब औषधभांडाराच्या बाईंना घेऊन आले. घेऊन आले म्हणजे बाई रागाने पुढे चालत होत्या आणि साहेब मागून प्रश्न विचारत होते. खाली औषधांसाठी माणसांची रांग लागलेली.

"या बाईंनी गेल्या वर्षी भरल्या बैठकीत काय म्हटलं होतं, आठवतंय?" साहेबांनी मला विचारलं. "अर्धा चमचा वल्ह्यासारखा दिसतो, म्हणाल्या होत्या. हा हेतू."

"दिसतोच," बाई म्हणाल्या.

"काल संध्याकाळी सहा वाजता कुठे होता?"

"घरी."

"साक्षीदार?"

"नवरा."

"विश्वासू आहे?"

"ते तुम्हीच शोधून सांगा. नाहीतरी रिकामेच आहात." बाई माझ्याकडे वळल्या. "अगं, तू यांच्या नादाला कशी लागलीस? चांगली शिकलेली दिसतेस."

"टेबल शेजारी आहे," मी म्हटलं.

बाई गेल्या. जाता जाता साहेबांना एवढंच म्हणाल्या, की खाली रांगेत तापाने फणफणलेली अकरा पोरं आहेत, आणि त्यातल्या सगळ्यात लहान पोराला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. साहेबांनी टिपून घेतलं, "संशयित चिडखोर." मग म्हणाले, "हेतू आहे, संधी आहे, आता साधन. तार तपासू." आणि मी हात पुढे करेपर्यंत त्यांनी भिंतीतली पिन उपटली.

अठरा प्रती. त्याही पुरावा म्हणून जप्त झाल्या. साहेबांनी त्या काखेत धरल्या आणि घामाने त्यांच्यावरचे सूर्य मावळले.

मला रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता. तीन चाळीस. चित्र म्हणून छापावं तर ती सोय साहेबांनी सगळ्या संगणकांवर बंद केलेली, कारण कोणीतरी भाचीच्या वाढदिवसाचं कार्ड छापलं होतं. मी तिसऱ्यांदा फॉन्टचा कार्यक्रम उघडला. पडद्यावर ओळ आली, संकेतशब्द चुकीचा आहे.

"साहेब, संकेतशब्द बदललात?"

"सगळ्यांचे. तारेतून फॉन्ट पळवतात बाई. आता मुंगी शिरायची नाही."

"नवा काय आहे?"

"तो मलाही माहीत नाही." हे ते अभिमानाने म्हणाले. "डोळे मिटून टंकला, न बघता कागदावर उतरवला, पाकिटात घालून लाखेने बंद केला. पाकीट घरच्या कपाटात. मघाशीच शिपायाच्या हाती घरी पाठवलं."

"मग आता फॉन्ट कसा चढवायचा?"

"चढवायचा नाही. चोर कोण हे कळेपर्यंत काहीच करायचं नाही. तपासाचा पहिला नियम."

त्यांचे सगळेच नियम पहिले असतात. दुसऱ्या नियमापर्यंत पोचलेला तपास मी अजून पाहिलेला नाही.

मी काकूंना फोन लावला. म्हटलं, आज कदाचित पाच-दहा मिनिटं. काकू म्हणाल्या, "ठकीने आज सगळा भात खाल्ला हो. गुणी पोर आहे. जागा जायला नको तिची." आणि फोन ठेवला. काकू ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

परत आले तर साहेब काळे झाले होते. शाईच्या डब्यातली काळी पूड त्यांनी प्रिंटरभर भुरभुरवली होती, बोटांचे ठसे उठवायला. पूड प्रिंटरवर होती, भिंतीवर होती, साहेबांच्या नाकावर आणि दोन्ही कानांत होती. ठकी असती तर मी आधी तिच्या मुठी धुतल्या असत्या.

"हात लावू नका," साहेब म्हणाले. "ठसे मिळालेत. उत्कृष्ट ठसे. मागच्या बाजूला एक छोटं झाकण आहे, त्याच्याभोवती तर गर्दी आहे. आणि मी ते जुळवले."

"कोणाशी?"

"नमुन्याला जवळ कोणाचे नव्हते, म्हणून माझ्याशी." ते जरा थांबले. "जुळले."

कधीकधी माणसाला एकट्याने चालत दारापर्यंत पोचू द्यावं. ठकीला मी असंच शिकवते.

साहेब दारापर्यंत पोचले, आणि भिंतीला धडकले. "याचा अर्थ एकच. चोर इतका हुशार आहे, की त्याने स्वतःचे ठसे पुसले आणि माझे ठेवले. बाई, आपली गाठ कोणा साध्यासुध्याशी नाही."

"हो साहेब, ते मला वर्षभर माहीत आहे."

मी त्यांना वळसा घालून प्रिंटरच्या मागे गेले आणि ते छोटं झाकण उघडलं. आत एक खाच होती. अरुंद, रिकामी, आजूबाजूला धूळ आणि मध्ये स्वच्छ. माझ्या घरात दीड वर्षाचं पोर आहे. धुळीत मधलीच जागा स्वच्छ दिसली, की तिथून काहीतरी उचललं गेलंय आणि ते आता कोणाच्या तरी तोंडात आहे, एवढं मला कळतं.

"इथे काय असतं साहेब?"

"तिथे? काही नसतं. राखीव खाच आहे. बघा, रिकामी आहे. जे नव्हतंच ते चोरीला कसं जाईल?"

मी प्रिंटर चालू केला आणि त्याच्याकडून त्याच्या स्वतःच्या माहितीचं पान काढून घेतलं. त्याला संकेतशब्द लागत नाही, नुसती दोन बटणं दाबावी लागतात. पानावर त्याला येणाऱ्या फॉन्टची यादी होती, चमचे नव्हते, आणि खाली एक ओळ होती. कायमची साठवण, काही नाही. मी छपाईच्या जुन्या फायलीत गेल्या वर्षीचं तेच पान शोधलं. त्यात त्या ओळीसमोर लिहिलं होतं, एक कार्ड.

म्हणजे चमचे कार्डावर होते. कार्ड खाचेत बसायचं. प्रिंटर शंभरदा बंद झाला तरी कार्ड विसरत नाही.

"साहेब, इथे एक कार्ड होतं."

"अफवा," साहेब म्हणाले आणि औषधभांडाराच्या बाईंच्या नवऱ्याचं नाव संशयितांत घालायला बसले.

चार पंचवीस. मी खाली गेले. गाडीवाला आला की त्याला पंधरा मिनिटं थांबवा, एवढंच दारावरच्या ताईंना सांगायचं होतं. या ताई स्वागतकक्षात बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवतात आणि सापडलेल्या बेवारस वस्तू एका पत्र्याच्या पेटीत जपतात. छत्र्या, चष्मे, एका पायाचे मोजे. प्रत्येक वस्तू आणणाऱ्याला त्या पावती देतात आणि स्थळप्रतीवर सही घेतात. मोजा आणला तरी. त्यांना कोणी हसत नाही, कारण हसणाऱ्याचीही त्या नोंद करतील.

"तोंड का उतरलंय?" ताईंनी विचारलं.

"फॉन्ट हरवलेत ताई."

"दिसायला कसे असतात?"

"ते दिसत नाहीत. एका कार्डात असतात. लहानसं कार्ड, नखाएवढं."

"हिरवं?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"एका कडेला सोनेरी दात?" ताईंनी पेटी उघडली, दोन चष्मे बाजूला केले आणि एक इवलंसं पाकीट काढलं. "हे घे. सव्वीस तारखेपासून पडलंय. मी म्हटलं, एवढंसं काय असेल. पोराबाळाने गिळलं असतं तर."

"कोणी आणून दिलं?"

ताईंनी पावतीपुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवलं. दिनांक सव्वीस. वस्तू, बिनस्टिकर, बेवारस, प्रिंटरमध्ये संशयास्पदरीत्या दडून बसलेली. खाली सही. ती सही मी रोज बघते. तिच्यातल्या पहिल्या अक्षराचा फरकाटा खालच्या दोन पावत्यांवर गेला होता.

तेव्हा मला स्टिकर मोहीम आठवली. गेल्या महिन्यात साहेबांनी फर्मान काढलं, की इमारतीतल्या प्रत्येक यंत्राला आणि यंत्राच्या भागाला क्रमांकाचा स्टिकर हवा. ज्याला स्टिकर नाही ते बेवारस. मग ते स्वतः खोल्याखोल्यांतून फिरले. स्टिकर आगपेटीएवढा आणि कार्ड नखाएवढं. स्टिकर लागेना, म्हणून कार्ड बेवारस ठरलं. नाकापेक्षा मोती जड झाला, म्हणून यांनी नाकच काढून जमा केलं. आणि इतके दिवस कोणाला पत्ता लागला नाही, कारण इतके दिवस कोणाला चमचा लागला नाही.

मी पावतीपुस्तक आणि कार्ड दोन्ही घेऊन वर निघाले. ताई म्हणाल्या, "थांब, नेल्याची सही कर." केली. जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत गेले.

कार्ड खाचेत सरकवलं. प्रिंटर चालू केला. सात मिनिटं मी त्या हिरव्या दिव्याकडे ठकीच्या तापाकडे बघते तशी बघत होते. मग माहितीचं पान काढलं. कायमची साठवण, एक कार्ड. यादीत शेवटी चमचे. चारशे प्रतींचा हुकूम सोडला. पहिल्या दहा प्रती एकेक खूण बोटाने तपासून बघितल्या. भरलेला भरलेला होता, अर्धा अर्धाच होता.

चार सेहेचाळीस. चारशे प्रतींना वीस-बावीस मिनिटं. मध्ये तीनदा कागद भरायचा, शंभर शंभरांचे गठ्ठे बांधायचे, गाडीवाल्याच्या हातात द्यायचे. आणि मी पाचला निघायलाच हवं.

साहेब पावती वाचत होते. ओठ हलत होते. एका क्षणाला मला वाटलं, की आता कळलं. आता हा माणूस खुर्चीत बसेल, कपाळाला हात लावेल आणि दोन शब्द बोलेल. मला त्यांची दयाही येणार होती, तयारी झाली होती माझी.

"बनावट," साहेब म्हणाले.

"काय?"

"माझी सही. हुबेहूब. आधी ठसे, आता सही. हा माणूस मला आतून बाहेरून ओळखतो बाई. माझ्या सवयी, माझी लेखणी, माझी मोहीम. प्रकरण आता सुरू झालंय. बसा, लिहा. ज्याच्या नजरेतून टाचणी..."

"साहेब, मला ठकीला आणायला जायचंय."

"गुन्हा घरी जात नाही."

"पाळणाघर जातं."

"बसा बाई. सहापर्यंत हस्ताक्षराची चिकित्सा होईल. तोवर यंत्र बंद." त्यांचा हात बटणाकडे निघाला.

मी तो हात धरला. वर्षभरात पहिल्यांदा. घरी प्लगकडे निघालेला हात मी दिवसातून दहादा धरते. त्यात एक ठरलेली पद्धत आहे. ओढायचं नाही, रागवायचं नाही, आवाज चढवायचा नाही. दुसरीकडे काहीतरी जास्त मजेचं आहे, असं सांगायचं.

"साहेब," मी आवाज खाली आणला, "बंद केलंत तर तो सावध होईल."

हात थांबला.

"ज्याने कार्ड काढलं, तो कार्ड परत आलेलं ऐकून इथे येणारच. गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी येतो म्हणतात ना. मला विचाराल तर तो लांब नाहीच."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी नंतर दोनदा तपासून बघितला.

"किती लांब?" साहेबांनी कुजबुजत विचारलं.

"हाताच्या अंतरावर. तुम्ही इथेच उभे राहिलात तर तो या जागेवरून हलणार नाही, याची मी खात्री देते. फक्त त्याला संशय यायला नको. वेश बदलावा लागेल."

साहेबांचे डोळे काळ्या पुडीतून चमकले. "कोणता वेश?"

"साध्या कर्मचाऱ्याचा. काम करणाऱ्या."

ते विचारात पडले. "अवघड आहे."

"जमेल तुम्हाला. कागद संपला की भरायचा. शंभर झाले की दोरी बांधायची. गाडीवाला आला की गठ्ठे द्यायचे आणि एक शब्द बोलायचा नाही. काही झालं तरी बटणाला हात नाही. खऱ्या कर्मचाऱ्याला बटण माहीतच नसतं."

"आणि दोरीची गाठ?"

"साधी."

साहेबांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला. बाह्या दुमडल्या. इतक्या वर्षांत त्यांना कोणी बाह्या दुमडलेलं पाहिलं नव्हतं. त्यांचे हात कोपरापासून खाली पांढरेशुभ्र होते आणि बोटं काळी. कागद भरायचा कप्पा कुठे असतो, हे मी त्यांना दाखवलं. तो कप्पा बघून त्यांना फार आश्चर्य वाटलं. पहिली शंभरी झाली. त्यांनी गाठ मारली. मी सोडवून परत मारायला लावली. दुसरी बरी आली.

पाचला तीन मिनिटं असताना मी पिशवी उचलली. ते प्रिंटरकडे टक लावून उभे होते, आणि झाकणाच्या काळ्या काचेत दिसणाऱ्या स्वतःच्या चेहऱ्याकडे मधूनच संशयाने बघत होते. खाली ताईंना सांगितलं, की गाडीवाल्याला वर पाठवा आणि गठ्ठे चार आहेत का मोजून घ्या. ताई म्हणाल्या, "मोजते. पावतीही देते." म्हणजे काळजी नव्हती.

मग चालले. चालले म्हणजे माणसांच्या जगात ज्याला पळणं म्हणतात ते केलं, फक्त साडी नीट ठेवून. नाक्यावर सिग्नल लाल होता, तेव्हा मी त्याच्याकडे असं बघितलं की तो हिरवा झाला. किंवा होणारच असेल. मी काही गुप्तहेर नाही.

पाळणाघराचं दार ढकललं तेव्हा काकू वही उघडून बसल्या होत्या. लाल पेन हातात, टोपण काढलेलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत घड्याळाकडे बघितलं. पाच अठ्ठावीस. त्यांनी लाल पेन ठेवलं आणि निळं घेतलं. ते घेताना त्यांना थोडं वाईट वाटलं असावं, पण बाई सरळ आहेत.

ठकी कोपऱ्यात एकावर एक डबे रचत होती. मला बघून तिने एक डबा माझ्या दिशेने फेकला, म्हणजे सगळं ठीक होतं.

"आज वेळेत," काकू वेळ लिहीत म्हणाल्या. "कामं नव्हती वाटतं ऑफिसात?"

"होती की," मी ठकीचे बूट शोधत म्हटलं. "साहेबांना प्रिंटरजवळ ठेवून आलेय."

"राहतात एकटे?"

"हातात खेळायला कागद दिलेत. सहापर्यंत रडणार नाहीत."